पोटातले बॅक्टेरिया, टॉक्सिन आणि बिघडलेलं पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे नातेवाईक, शेजारी, जुने विद्यार्थी सगळ्यांचे पोटाचे प्रश्न माझ्याकडेच येतात. तेच तेच परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. मी डॉक्टर नाही, औषध बदलायचं असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. उत्तरं वेगवेगळी वाचली तरी चालतील, जिथे एकाचं दुसऱ्यात अडकतं तिथे नंबर दिलाय.

१. ताई, पोटात बॅक्टेरिया असतात म्हणजे नक्की कुठे? आणि किती?

आपण 'पोट' म्हणतो त्यात सगळंच येतं, पण जठरात ॲसिड असल्यामुळे तिथे फार कमी टिकतात, लहान आतड्यात थोडे जास्त, आणि खरी वस्ती मोठ्या आतड्यात. ढोबळ अंदाज ३८ लाख कोटींचा आहे, आणि आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीचा मामला. 'शरीरात आपल्यापेक्षा दहापट बॅक्टेरिया' हे जे फॉरवर्ड फिरतं तो जुना अंदाज होता, २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी परत हिशोब केला तेव्हा तो गळून पडला. सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोच्या आतच, 'दोन किलो बॅक्टेरिया' वगैरे काही नाही.

२. ते फुकट राहतात की काही काम पण करतात?

करतात की. आपल्याला न पचलेलं फायबर त्यांचं जेवण, आणि ते आंबवून ते ब्युटिरेट, ॲसिटेट, प्रोपिओनेट अशी छोटी फॅटी ॲसिड्स बनवतात. यातलं ब्युटिरेट मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे, म्हणजे त्या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा यावरच जास्त जगतात. शिवाय व्हिटॅमिन के आणि काही बी व्हिटॅमिन्स थोड्या प्रमाणात बनतात. पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम म्हणजे जागा अडवून बसणं. खाणं संपवायचं, ॲसिड सोडायचं, बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय रोवू द्यायचा नाही. ही जागा रिकामी झाली की काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. सगळे म्हणतात पोटात टॉक्सिन साठतात. हे टॉक्सिन म्हणजे काय असतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण इथेच आहे, म्हणून जरा लांब उत्तर देते.

टॉक्सिन म्हणजे सजीवाने बनवलेलं विष. ते खरे असतात, पण त्यांना नाव असतं. कोण बनवतो, कुठल्या पेशीवर बसतो, काय करतो हे सांगता येतं. सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं. कॉलऱ्यात माणूस काही तासांत पाण्यासारखे जुलाब होऊन कोरडा पडतो, पण का, हे कळत नव्हतं, कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की जंतूच्या आतलं विष रक्तात जाऊन हे होतं. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. मग १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून टाकले आणि नुसतं ते ज्यात वाढले होते ते पाणी सोडलं तरी आतडं तसंच फुगतं. म्हणजे जंतू बाहेर सोडतो तो एक टॉक्सिन आहे, आणि तो थेट आतड्यावरच काम करतो. परीक्षानळ्या, ससा आणि दोरा, एवढ्यावर केलेलं काम आहे हे, मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी निम्म्या वर्गाने डे हे नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे एंडोटॉक्सिन, हा ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणाचाच भाग असतो. तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आतड्यात कायम असतो आणि तिथे असेपर्यंत बहुतेक वेळा काही बिघडत नाही, मोठ्या प्रमाणात रक्तात गेला तर मात्र ताप, बीपी पडणं, सेप्सिस (इन्फेक्शनने अख्खं शरीर कोलमडणं).

आता 'साठलेले टॉक्सिन' ही कल्पना कुठून आली? शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात असं मानायचे की मोठ्या आतड्यात मळ सडतो आणि त्याचं विष अंगात भिनून माणूस म्हातारा होतो. यात छोटी माणसं नव्हती हां, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉफ होते, १९०८ चं नोबेल मिळालेले (नोबेल वेगळ्या कामाला होतं, पांढऱ्या पेशी जंतू गिळतात त्याला). बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि खूप जगतात म्हणून दही खा, असं ते सांगायचे. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे सर्जन तर बद्धकोष्ठतेसाठी लोकांचं मोठं आतडंच कापून काढायचे! पुढे ही सगळी थिअरी मागे पडली, कारण ते विष कुणाला दाखवताच आलं नाही. दही मात्र टिकलं. याच मेचनिकॉफांचे शिष्य हाफकिन, ज्यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली, परळच्या इन्स्टिट्यूटला त्यांचंच नाव आहे.

तर कुणी 'टॉक्सिन निघून जातील' म्हणालं की एकच विचारायचं: कुठला टॉक्सिन? नाव सांगता आलं नाही तर पाकीट मिटवायचं.

४. मग डिटॉक्स ज्यूस, कोलन क्लिन्झिंग, महिन्यातून एकदा एरंडेल, हे सगळं खोटं का?

शरीरातला कचरा काढायचं काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करतात, ज्यूसने त्यांचा वेग वाढत नाही. वर दुधी-पालक-बीट गाळून प्यायलात तर बॅक्टेरियांना जे हवं होतं ते फायबर गाळणीत राहतं आणि कचऱ्यात जातं. भाजी करून खा, साधी गोष्ट.

कोलन क्लिन्झिंगला पाण्याने धुताना बॅक्टेरियांचा मोठा भाग वाहून जातो. धडधाकट माणसात तो परत येतो पण मग धुवून मिळवलं काय, आणि पाणी-मिठाचा तोल बिघडणं, आतड्याला इजा होणं हे धोके उरतातच. कोलोनोस्कोपीच्या आधी आतडं साफ करायला देतात ते वेगळं, तिथे डॉक्टरांना आत दिसायला हवं असतं.

एरंडेलाचं म्हणाल तर ते जुलाब करवतं हे खरंच आहे, आजीच्या काळात दर रविवारी चमचा घेऊन मुलांच्या मागे धावायची पद्धत घरोघरी होती. जुलाब झाल्यावर हलकं वाटतं कारण आतडं रिकामं असतं, टॉक्सिन गेले म्हणून नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तर देऊच नका. वैद्यांच्या देखरेखीखालचं पंचकर्म हा वेगळा विषय, त्यावर वैद्यांनीच बोलावं, मी बोलतेय ते 'सात दिवसांत गट क्लीन' (गट म्हणजे इंग्रजीतलं gut, आतडं) वाल्या पाकिटांबद्दल.

५. अँटिबायोटिकचा कोर्स झाला. पोटातले सगळे चांगले बॅक्टेरिया मेले का? परत किती दिवसांत येतात?

सगळे मरत नाहीत पण दणका मोठा असतो. कुठलं औषध, किती दिवस, यावर आहे. डेन्मार्कमधला २०१८ चा एक अभ्यास मला आवडतो, १२ धडधाकट पुरुषांना ४ दिवस तीन जबरी अँटिबायोटिक्स एकत्र दिली, जी एरवी हॉस्पिटलात शेवटचा उपाय म्हणून वापरतात. दीड महिन्यात बहुतेकांचं पोट जवळजवळ पहिल्यासारखं झालं, पण आधी सगळ्यांकडे असलेल्या ९ जाती सहा महिन्यांनी पण बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत.

यात दोन गोष्टी आहेत, आणि लोक आपल्याला हवी ती एकच उचलतात. एक, पोट स्वतःहून सावरतं, घाबरून जायचं कारण नाही. दोन, पूर्ण सावरेलच असं नाही, म्हणून सर्दीला, व्हायरल तापाला उगाच अँटिबायोटिक मारायचं नाही. सावरताना आधी पटकन वाढणारे येतात, पडीक वावरात पहिल्या पावसानंतर आधी तण माजतं तसं, आणि सावकाश वाढणारे, फायबरवर जगणारे मागून येतात. त्या मधल्या काळात त्यांना खायला द्यायचं (प्रश्न ८).

आणि कृपा करून याचा अर्थ 'कोर्स अर्धवट सोडा' असा काढू नका. टायफॉइड, न्यूमोनिया, टीबी असेल तर औषध हवंच.

६. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घ्यायचं की नाही? डॉक्टर देतात, तुम्ही म्हणता गरज नाही.

मी असं म्हटलेलं नाही, पण विचारलंत ते बरं झालं, कारण इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात.

जुलाब टाळायला? थोडा उपयोग होतो, विशेषतः मुलांमध्ये, आणि त्यात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी या दोघांचा पुरावा बरा आहे. बुलार्डी बॅक्टेरिया नाही, यीस्ट आहे. १९२० च्या दशकात हेन्री बुलार्ड नावाचा फ्रेंच माणूस इंडोचायनात होता, कॉलऱ्याची साथ चालू होती, आणि लोक लिची-मँगोस्टीनच्या सालीचा काढा पित होते, त्यावरून त्याला हे यीस्ट सापडलं. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून बरोबर घेतलं तरी चालतं. बॅक्टेरियावालं प्रोबायोटिक असेल तर मधे दोनेक तासांचं अंतर ठेवा.

पण तुमचं मूळचं मायक्रोबायोम, म्हणजे पोटातल्या जंतूंची अख्खी वस्ती, परत आणायला? इथे मात्र उलटा निकाल आला. २०१८ मध्ये वाइझमनच्याच गटाने अँटिबायोटिक दिलेल्या लोकांचे भाग केले, एका गटाला अनेक जातींचं प्रोबायोटिक, एका गटाला काहीच नाही. काहीच न घेतलेल्यांचं पोट आधी पूर्ववत झालं, प्रोबायोटिकवाल्यांचं रेंगाळलं. माणसं थोडी होती, त्यामुळे यावर शेवटचा शब्द म्हणून बघू नका, पण बाटलीतले पाहुणे घरच्यांना जागा देतातच असं नाही एवढं नक्की.

त्या गोळीच्या पट्टीवर नावापुढे 'एलबी' लिहिलेलं असतं ना, अँटिबायोटिकच्याच गोळीत घातलेलं, ते म्हणजे लॅक्टिक ॲसिड बॅसिलस, बहुतेक वेळा बॅसिलस कोॲग्युलन्सचे स्पोअर्स (बॅक्टेरियाचं झोपलेलं, चिवट रूप). मेडिकलवाले त्यावरून 'वेगळं काही घ्यायची गरज नाही' सांगतात. त्या गोळीच्या जिवावर मी निर्धास्त होणार नाही.

७. रोज घरचं दही खातो, मग प्रोबायोटिक झालंच की! आणि इडली, ढोकळा, लोणचं?

काटेकोर व्याख्येने नाही. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येत दिल्यावर फायदा होतो असं तपासून सिद्ध झालेले जिवंत जंतू. तुमच्या विरजणात कोण आहे ते तुम्हालाही माहीत नाही, शेजारच्या काकूंकडून आणलेलं, त्यांनी डेअरीतून आणलेलं, उन्हाळ्यात वेगळे जंतू पुढे, हिवाळ्यात वेगळे. म्हणूनच एकच विरजण मे महिन्यात चार तासांत आंबट ढोण आणि डिसेंबरात डबा चादरीत गुंडाळून ठेवला तरी सकाळी पातळ.

पण व्याख्येत बसत नाही म्हणून दही वाईट झालं का? अजिबात नाही. एका चमच्यात कोट्यवधी जिवंत जंतू असतात, त्यांनी लॅक्टोज थोडं संपवलेलं असतं आणि उरलेलं पचवायलाही मदत करतात, म्हणून दूध न पचणाऱ्या बऱ्याच लोकांना दही चालतं. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातल्या जातींची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी १९ प्रोटिन्स कमी झाली. म्हणजे ताक प्या, बिनधास्त. साखर घालून घट्ट केलेलं फ्लेवर्ड योगर्ट म्हणजे मात्र गोड पदार्थ, तेवढंच.

उकळलं, वाफवलं की जंतू मेले. त्यामुळे कढी, इडली, ढोकळा, आंबोळी यात जिवंत काही नाही. आंबवल्यामुळे ते पचायला सोपे होतात हा फायदा राहतो. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील शिजवून गार झाल्यावर वरून ताक घातलं तर ताकातले जंतू जिवंतच मिळतात, आणि खाली त्यांचं खाद्यही. माझ्या मते बाजारातल्या कुठल्याही महागड्या ड्रिंकपेक्षा ही सरस. आपलं कैरीचं लोणचं बहुतेक मीठ-तेल-मोहरीवर टिकतं, आंबवण्यावर नाही, ते चवीला खा.

८. ते सगळं ठीक, नक्की खाऊ काय ते सांगा ना.

फायबर. दिवसाला साधारण ३० ग्रॅम, आणि वेगवेगळ्या ठिकाणाहून. १०० ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणीत १० ते ११ ग्रॅम फायबर असतं, पॉलिश केलेल्या तांदळात तीनच्या आत. भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी, गवार, पेरू सालासकट, भाजलेले शेंगदाणे, जवसाची चटणी, कांदा-लसूण. हे वाचून एका काकांनी मला लिहिलं, 'म्हणजे आमच्या गावाकडचं जेवण.' हो, तेच. पुण्या-मुंबईत ते सुटलं आणि पोहे, बिस्किट, पाव, मैदा, साबुदाणा यावर दिवस निघायला लागला. एकादशीचं ताट बघा, साबुदाणा, बटाटा, वेफर्स, उपवास म्हणून पुण्य मिळत असेल, पोटातल्यांना मात्र शेंगदाण्याच्या कुटावरच भागवावं लागतं.

इसबगोल चालतं, पाण्याबरोबर, पण ते फारसं आंबत नाही, त्यामुळे शौचाला मदत जास्त आणि बॅक्टेरियांना खाऊ कमी. आहार बदलला की एक-दोन दिवसांत आतलं चित्र हलायला लागतं आणि जुन्या खाण्यावर आलात की तितक्याच लवकर परत जातं.

९. तुमचं ऐकून कडधान्यं वाढवली आणि गॅसने जीव नकोसा झाला. आता?

एकदम वाढवलीत ना? कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या तोडायचं एन्झाइम आपल्याकडे नाहीच, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या मंडळींची पंगत बसते, गॅस होणारच. म्हणजे हा गॅस 'टॉक्सिन'चा नाही. उपाय: रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, मोड आणा, नीट शिजवा, दोन चमच्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा. मूग-मटकी आधी, वाल-छोले-राजमा नंतर.

इथे अपवाद आहे. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं हळवं असण्याचा त्रास) असेल तर काहींना कांदा, लसूण, कडधान्य हे सगळंच त्रास देतं, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश युनिव्हर्सिटीने बनवलेला लो-फॉडमॅप (आतड्यात पटकन आंबणाऱ्या साखरा कमी असलेला) आहार असतो. तो थोड्या आठवड्यांचा असतो आणि नंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो, आयुष्यभर कांदा सोडायचा नसतो, आहारतज्ज्ञाला धरूनच करा.

१०. शिळा भात गट हेल्थला चांगला म्हणतात, आई म्हणते विषबाधा होते. कोण बरोबर?

दोघं. भात शिजवून गार केला की त्यातला काही स्टार्च असा घट्ट होतो की तो लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात बॅक्टेरियांना मिळतो, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. परत गरम केला तरी त्यातला बराच राहतो. म्हणजे फोडणीचा भात खरंच कामाचा आहे.

पण आई म्हणते तेही खरं, आणि इथे प्रश्न ३ मधला नाव असलेला टॉक्सिन भेटतो: सेर्युलाइड. बॅसिलस सेरियस नावाच्या बॅक्टेरियाचे स्पोअर्स कच्च्या तांदळात असतात, ते शिजवल्यावरही जगतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ते उगवतात आणि सेर्युलाइड बनवतात, आणि हा टॉक्सिन एवढा चिवट आहे की कढईत कितीही खरपूस परता, कुकरला शिट्ट्या काढा, तो मोडत नाही. खाल्ल्यावर अर्धा ते सहा तासांत उलट्या. 'चांगला गरम करून खाल्ला होता हो' असं सगळे सांगतात, आणि खरंच केलेला असतो.

त्यामुळे प्रश्न शिळा की ताजा हा नाही, मधले तास कुठे गेले हा आहे. रात्री जेवण झाल्यावर भात पातेल्यात तसाच झाकून ठेवला, म्हणजे आत तासन्‌तास कोमट, हे सगळ्यात वाईट. पसरट डब्यात काढा, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करा. लग्नाच्या हॉलमधून रात्री बारा वाजता पिशवीतून आलेला पुलाव मी फेकून देते, घरच्यांनी कंजूष म्हणो की माजोरडी. खवा, पेढे, क्रीमच्या पदार्थांत स्टॅफिलोकॉकसचा टॉक्सिन असाच गरम करून न जाणारा असतो.

११. अँटिबायोटिक संपलं आणि मग जुलाब सुरू झाले. असं का?

बरेचदा साधे असतात, थोड्या दिवसांत थांबतात. पण एक नाव माहीत असू द्या: क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल, थोडक्यात सी. डिफ. हा काही लोकांच्या पोटात गप्प बसलेला असतो किंवा हॉस्पिटलात मिळतो. जागा अडवणारे गेले की (प्रश्न २) हा उगवतो, ए आणि बी असे दोन टॉक्सिन सोडतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा करतो. वयस्कर, हॉस्पिटलात राहून आलेले, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असलेले यांना जास्त. कोर्स संपून दोन-तीन महिन्यांपर्यंत होऊ शकतो.

दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ, ताप, पोटात कळा असतील तर डॉक्टरांना 'मी अमुक अँटिबायोटिक घेतलं होतं' हे आवर्जून सांगा, संडासच्या नमुन्यातून तो टॉक्सिन तपासता येतो. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेऊ नका. आणि घरात कुणाला झालं असेल तर हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझरने याचे स्पोअर्स मरत नाहीत.

१२. दुसऱ्याची विष्ठा पोटात घालतात हे खरं आहे? ऐकूनच कसंतरी होतं.

खरं आहे, आणि चीनमध्ये चौथ्या शतकातल्या वैद्यकातही याची नोंद आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी चार रुग्णांवर केलं. मोठा पुरावा आला तो नेदरलँड्समधून २०१३ मध्ये. वारंवार सी. डिफ होणाऱ्यांपैकी निरोगी दात्याची विष्ठा गाळून दिलेल्या १६ पैकी १३ जण पहिल्याच डोसमध्ये बरे, आणि नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या १३ पैकी ४. फरक एवढा होता की ट्रायल मधेच थांबवली. २०२३ मध्ये अमेरिकेत तर कॅप्सूलला परवानगी मिळाली.

मायक्रोबायोम 'परत बसवणं' हे एवढं ठामपणे जमलेला आजार सध्या हाच. वजन, डायबिटीस, ऑटिझम यासाठी कुणी विकत असेल तर लांब राहा. आणि व्हिडिओ बघून घरी करू नका, २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधाला न जुमानणारा ई. कोलाय जाऊन एक रुग्ण दगावलाय, तेही हॉस्पिटलातल्या ट्रायलमध्ये.

१३. साधे जुलाब लागले की मेडिकलमधून ती लाल रेघ असलेली पट्टी आणतो, एका दिवसात बरं वाटतं. मग काय बिघडलं?

न घेताही बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटलंच असतं. बहुतेक जुलाब व्हायरसने किंवा खाण्यातल्या टॉक्सिनने होतात, त्यावर अँटिबायोटिक काहीच करत नाही. ती लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही अशी खूण आहे, ती ओळखून मागायची खूण नाही!

ओआरएस घ्या, अख्खं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात (मोठं पाकीट असेल तर एक लिटर), अर्धं पाकीट ग्लासात असं नाही. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नाही. मुलांना त्याबरोबर १४ दिवस झिंक देतात, डोस डॉक्टर सांगतील.

अपवाद: रक्त पडत असेल तर लगेच डॉक्टर. त्यातही एक वाकडी केस अशी की शिगा टॉक्सिन बनवणारा ई. कोलाय असेल तर काही अँटिबायोटिक्सनी तो मरता मरता जास्त टॉक्सिन सोडू शकतो आणि किडनीवर येऊ शकतं. म्हणून रक्ती जुलाबात 'आधी गोळी मग बघू' चालत नाही.

१४. बाळ दोन महिन्यांचं आहे, सासूबाई गुटीत मध घालतात. सिझर झालंय म्हणून प्रोबायोटिक ड्रॉप्स पण द्यावेत का?

मध नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायला सुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे स्पोअर्स असू शकतात, मोठ्यांच्या पोटातली गर्दी त्यांना उगवू देत नाही, बाळाच्या पोटात ती गर्दी अजून झालेली नसते, त्यामुळे ते तिथे उगवून बोट्युलिनम टॉक्सिन बनवू शकतात आणि बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, रडणं क्षीण होतं. मध उकळून उपयोग नाही. सासूबाईंना 'आमची पोरं जगली की' हेच म्हणायचं असतं, त्यांच्याशी भांडू नका, बाळाच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, ते लवकर पटतं. पहिले सहा महिने खरंतर गुटीही नको, फक्त आईचं दूध. त्यात अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या चांगल्या बॅक्टेरियांसाठीच आहेत.

सिझरने झालेल्या बाळाच्या पोटातले बॅक्टेरिया सुरुवातीला वेगळे असतात, काही महिन्यांत फरक बराच कमी होतो. ड्रॉप्सबद्दल, ओडिशात ४,५५६ नवजात बाळांवर मोठी ट्रायल झाली, २०१७ मध्ये छापून आली, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक ठरावीक जात आणि तिचं खाद्य सात दिवस दिलं तर सेप्सिस किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. जबरदस्त निकाल आहे, पण तो त्या जातीचा, त्या डोसचा. दुकानातल्या कुठल्याही ड्रॉप्सना तो लागू होत नाही. आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तर उलट धोका आहे, पुढचं उत्तर बघा.

१५. प्रोबायोटिकने नुकसान तर होत नाही ना? घेऊन बघायला काय हरकत?

धडधाकट माणसाला बहुधा गॅस आणि खर्च, एवढंच. पण केमो चालू आहे, ट्रान्सप्लांट झालंय, आयसीयूत आहे, गळ्यातून किंवा छातीतून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घातलीय, अशांना नाही. हेच जंतू रक्तात जाऊ शकतात, बुलार्डीचं पाकीट सेंट्रल लाइनच्या जवळ फोडल्याने सुद्धा यीस्ट रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं, २००८ मध्ये निकाल आला, प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के दगावले, दुसऱ्यात ६. वेळेआधी जन्मलेल्या बाळांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये इशारा दिलाय. हॉस्पिटलात रुग्णाला भेटायला जाताना प्रोबायोटिक ड्रिंकची बाटली न्यायची असेल तर आधी नर्सला विचारा.

१६. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेते, सात-आठ वर्षं झाली. याने बॅक्टेरिया बिघडतात का?

बदलतात. जठरातलं ॲसिड हा जंतूंना पहिला अडथळा आहे, तो कमी झाला की पोटाची इन्फेक्शन्स आणि सी. डिफ यांचा धोका थोडा वाढतो. पण म्हणून उद्यापासून बंद करू नका. एकदम थांबवलं की ॲसिड उसळतं आणि मग 'बघा, मला गोळीशिवाय होतच नाही' असं वाटतं. रक्त पातळ करायची किंवा दुखण्याची गोळी चालू असेल तर ॲसिडिटीची गोळी मुद्दाम दिलेली असू शकते. कशासाठी सुरू केली होती आणि अजून लागते का, एवढंच पुढच्या भेटीत विचारा, बऱ्याचदा कुणालाच आठवत नाही.

१७. संडासचा नमुना पाठवून मायक्रोबायोम टेस्ट करून मिळते. करू का? त्यात माझा स्कोअर ४२ आलाय!

४२ कशाचे? आदर्श मायक्रोबायोम कसं असतं यावर अजून एकमत नाही, मग मार्क कुठल्या उत्तरपत्रिकेवरून देतात. एकाच नमुन्याचा दोन लॅबमध्ये वेगळा रिपोर्ट येऊ शकतो, कालच्या आणि आजच्या नमुन्यातही फरक असतो. शिवाय भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेला नावाचे बॅक्टेरिया भरपूर असतात, धान्य-कडधान्य खाणाऱ्यांचं ते लक्षणच आहे, आणि तुलना जर बर्गर खाणाऱ्या देशातल्या नमुन्यांशी केली तर आपण 'बिघडलेले' दिसणारच. पुण्याच्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) या संशोधन संस्थेमध्ये भारतीय मायक्रोबायोमवर चांगलं काम झालंय, पण ते संशोधन आहे, तुमच्या डाएट प्लॅनसाठी नाही. रिपोर्टच्या शेवटी त्याच कंपनीची सप्लिमेंट सुचवलेली आहे का ते बघा फक्त.

१८. दही, भाकरी, कडधान्य, सगळं करून तीन महिने झाले, पोट काही ठीक नाही.

मग हा बॅक्टेरियांचा प्रश्न नसू शकतो. शौचातून रक्त, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी होत जाणं, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असणं, यातलं एक जरी असलं तर आहाराचे प्रयोग थांबवा आणि गॅस्ट्रोच्या डॉक्टरांची वेळ घ्या, या आठवड्यात. थायरॉइड, सिलिॲक (गव्हाने आतड्याला इजा होणारा आजार), पोटाचा टीबी, यातलं काहीही 'गट खराब आहे' म्हणून वर्षभर लपून राहू शकतं. सिलिॲकची तपासणी करायची असेल तर त्याआधी चपाती सोडू नका, गहू बंद केलेला असला की ती रक्ततपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते.